शेडवरचे प्रश्न : वॉटर टेबलचा गंज आणि शिंतोडे

प्रश्न : ताई, आमच्याकडे १२५० बाय २५०० मिलिमीटरचं सीएनसी प्लाझ्मा टेबल (विजेच्या तप्त झोताने पत्रा कापणारं संगणकावरचं मशीन) आहे, खाली पाण्याची टाकी. ट्रॉलीचे ब्रॅकेट कापतो, ३ ते १२ मिलिमीटर एम.एस. (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड). पाणी बोअरचं. संध्याकाळी कापलेला माल सकाळी लाल झालेला असतो. शेजारचा लेथवाला म्हणतो कूलंट ऑइल ओत, केमिकलवाला म्हणतो सोडियम नायट्राइट टाक, आमचा वेल्डर म्हणतो पाणीच काढून टाका. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, शिरोली, कोल्हापूर

उत्तर : वेल्डरचं तर अजिबात ऐकू नका. पाणी काढलंत की तो सगळा काळा धूर आणि लोखंडाची बारीक धूळ शेडभर पसरेल, आणि सगळ्यात आधी त्याच्याच छातीत जाईल. शिवाय ३ मिलिमीटरचा पत्रा पाण्याविना जास्त तापतो आणि वाकतो, मग ब्रॅकेट सरळ करत बसा.

गंज टाकीत बुडालेल्या मालावर कमी आणि बाहेर काढून ओलाच ठेवलेल्या मालावर जास्त चढतो. पाण्याचा पातळ थर, वर हवा, खाली नुकतीच कापलेली उघडी कडा, एवढं त्याला पुरतं. आणि आपले हेल्पर काय करतात? ओले ब्रॅकेट एकावर एक रचून घरी जातात. दोन प्लेटांच्या फटीतलं पाणी रात्रभर सुकत नाही. म्हणून केमिकलवर पैसे घालवण्याआधी एक जाळीचा रॅक बनवा, भंगारातल्या अँगलचा चालेल. जॉब त्यात उभे ठेवा, एअर गनने दोन्ही बाजू फुंका, फडक्याने पुसा. त्याच दिवशी वेल्डिंगला जाणार असेल तर एवढं बास. मुक्काम करणार असेल तर पाणी हटवणारं गंजरोधक तेल मारा, मात्र वेल्डिंगच्या आधी ते पुसावं लागेल.

आता पाणी. बोअरच्या पाण्यात क्षार असतात आणि त्यातले क्लोराइड गंजाला हात देतात. भरीला तुमचा प्लाझ्मा हवेवर चालतो. त्या तापमानाला हवेतल्या नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, त्यातले थोडे पाण्यात विरघळतात आणि पाणी आम्लाकडे झुकतं. म्हणून टाकी भरल्यावर पाणी बरं असतं आणि काही आठवड्यांनी त्याच पाण्यात माल लवकर लाल होतो. पावसाळ्यात छपराच्या पत्र्यावरून उतरणारं पाणी साठवता आलं तर टाकी त्याने भरा. कोल्हापूरला पावसाची काही वानवा नाही.

प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात पीएचच्या, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते दाखवणाऱ्या, पट्ट्या मिळतात. तुमच्या टाकीत १५ सेंटिमीटर पाणी धरलं तर ते साधारण ४७० लिटर होतं. धुण्याचा सोडा पाव किलो घ्या, बादलीभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवा आणि टाकीत फिरवून ओता. खाण्याचा सोडा नको, तो पीएच पुरेसा चढवत नाही. पट्टी बघा. ९.५ ते १० च्या दरम्यान येईपर्यंत असाच पाव-पाव किलो वाढवा. पाणी जड असेल तर पांढरा साका खाली बसेल, घाबरू नका, तो चुन्याचा आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत जातो तसा पीएच पुन्हा उतरतो, म्हणून दर सोमवारी पट्टी बुडवायची आणि आकडा टाकीच्या बाजूला खडूने लिहायचा. हातमोजे घाला, सोड्याने कातडी फुटते.

सोड्याने गंज थांबत नाही, लांबतो. एका रात्रीचं काम असेल तर बहुतेकांना तेवढं पुरतं. चार दिवस माल पडून राहणार असेल तर प्लाझ्मा टेबलसाठीचं तयार गंजरोधक द्रावण घ्या, नायट्राइट नसलेलं मागा आणि त्याची सेफ्टी डेटा शीट (धोके आणि काळजी लिहिलेलं पत्रक) हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. घेण्याआधी तीन बरण्या मांडा : एकीत बोअरचं पाणी, दुसरीत सोड्याचं, तिसरीत ते द्रावण डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. प्रत्येकीत ताजा कापलेला तुकडा अर्धा बुडवून ठेवा. अर्धाच, कारण पाण्याच्या रेषेवर गंज सगळ्यात आधी दिसतो. सकाळी तुमच्या डोळ्यांनी बघा, विक्रेत्याच्या नको.

सोडियम नायट्राइट गंज रोखतं, हे खरं आहे. बंद पाइपांच्या कूलिंग सिस्टीममध्ये ते वर्षानुवर्षं वापरतात. पण तुमची टाकी उघडी. ते दिसतं मिठासारखं, पोटात काही ग्रॅम गेलं तरी माणूस दगावू शकतो, कारण रक्त ऑक्सिजन वाहून न्यायचं थांबतं. ज्या शेडमध्ये चहाची साखर आणि केमिकलच्या पुड्या एकाच फळीवर असतात (आणि असतातच, मी पुष्कळ शेड बघितल्या आहेत) तिथे मी त्याला दारातही उभं करणार नाही. वर ते प्रमाणापेक्षा कमी पडलं तर गंज सगळीकडे न येता एका-एका ठिकाणी खोल खड्डा पाडतो, म्हणजे न टाकलेलं बरं. आणि लेथवाल्याचं दुधी कूलंट? त्यात बऱ्याचदा अमाइन नावाची रसायनं असतात. नायट्राइट आणि अमाइन एकत्र आले की नायट्रोसमाइन बनतात, त्यांतले बरेचसे कॅन्सरकारक. म्हणजे तुमच्या दोन्ही सल्लागारांचं ऐकलंत तर सगळ्यात वाईट मिश्रण तयार होईल. नुसतं कूलंटही नको : फेस येतो, तेल जळून धूर होतो, महिन्याभरात पाणी नासून वास सुटतो आणि तेलकट कडेवर वेल्डला छिद्रं पडतात.

पाणी उडून कमी झालं तर साधं पाणीच घाला, कारण सोडा मागेच राहतो. जॉबबरोबर बाहेर गेलेल्या पाण्यापुरता तो अधूनमधून वाढवायचा, आणि ते पट्टी सांगेलच. माल पावडर कोटिंगला जाणार असेल तर आधी साध्या पाण्याने धुऊन सुकवा, नाहीतर सोड्याच्या थरावर रंग फुगतो. टाकीला आतून रेड ऑक्साइड फार टिकत नाही, इपॉक्सी मारा. स्लॅट, म्हणजे प्लेट ज्यांवर टेकते त्या पट्ट्या, मात्र रंगवू नका, ते जळायलाच आहेत.

प्रश्न : प्लाझ्मा टेबलवर कट सुरू करायला प्लेटला आरपार छेद पाडताना पाणी इतकं उसळतं की टॉर्च (झोत सोडणारं तोंड), हेल्पर आणि भिंत तिन्ही भिजतात. मग टॉर्च प्लेटला न टेकताच वरच्या वर थांबतो आणि आर्क धरत नाही. मशीनवाले सांगतात सेन्सर बदला.
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : सेन्सर राहू द्या. बहुतेक मशीनवर टॉर्चची शील्ड (पुढची धातूची टोपी) प्लेटला टेकली की सर्किट पूर्ण होतं आणि मशीनला प्लेटची उंची कळते. मध्ये पाण्याचा थेंब आला की सर्किट आधीच पूर्ण होतं. टॉर्चला वाटतं प्लेट लागली, आणि तो हवेतच थांबतो. पाण्यात सोडा किंवा गंजरोधक असेल तर त्यातून वीज जास्त सहज वाहते, त्यामुळे हा त्रास वाढतो. वरच्या प्रश्नाचे वाचकही हे लक्षात ठेवा. टॉर्चजवळ एक बारीक एअर नळी लावून खाली येण्याआधी ती जागा फुंका. मशीनवर फ्लोटिंग स्विचची (टॉर्च प्लेटला टेकून वर सरकला की दाबला जाणारा स्विच) सोय असेल तर ओल्या प्लेटला तो वापरा. जवळजवळच्या छेदांना प्रत्येक वेळी टेकून बघायची गरज नसते, सॉफ्टवेअरमध्ये तेवढी सूट देता येते.

पण मूळ दुखणं पाण्याच्या पातळीचं. तुमचं पाणी प्लेटला लागलेलं असणार. पातळ पत्र्याला ते २०-२५ मिलिमीटर खाली ठेवा, १० मिलिमीटरच्या पुढे ५० मिलिमीटरपर्यंत उतरवा. धूर थोडा जास्त निघेल, तेव्हा पंखा चालू ठेवा. पातळी बदलायला महागडी यंत्रणा लागत नाही. तुमचं टेबलही १२५० बाय २५०० चं असेल तर १ सेंटिमीटर पाणी म्हणजे ३१ लिटर. ४ सेंटिमीटर उतरवायला २०० लिटरचा एक ड्रम आणि बॉल व्हॉल्व्ह पुरे. ड्रम टाकीच्या पातळीखाली ठेवता आला तर पाणी आपोआप उतरतं, वर चढवायला टुल्लू पंप. पंपाच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर स्लॅगचे (वितळून गोठलेल्या लोखंडाचे) खडे त्याला आठवड्यात संपवतील.

दुसरं, छेदाची वेळ. पलीकडे भोक पडल्यावरही टॉर्च जागेवर उभा राहिला तर सगळा झोत सरळ पाण्यावर आदळतो. मशीनच्या कटिंग चार्टमधली वेळ घाला आणि प्लेट आरपार गेल्यावर टॉर्च रेंगाळतोय का ते बघा. ऑपरेटर 'असू दे थोडं जास्त' म्हणून ती वाढवतात. छेदाची उंचीही चार्टमधलीच ठेवा. १.५ मिलिमीटरवर कापणाऱ्या टॉर्चला छेदासाठी ३.८ मिलिमीटर अशी जोडी चार्टमध्ये असते, आणि लोक दोन्ही एकच ठेवतात. मग वितळलेलं लोखंड नोझलवरच येतं.

स्लॅटवर स्लॅगचे गोळे जमले असतील तर झोत त्यांच्यावर आपटून वर फिरतो. ते छिन्नीने उडवा किंवा पट्ट्या बदला. छोटी प्लेट लावताना बाजूचं उघडं पाणी भंगार पत्र्याने झाका. भिंतीपेक्षा मला तुमच्या हेल्परची काळजी जास्त आहे : प्लाझ्माचा आर्क सुरू होण्याआधीचा व्होल्टेज २०० च्या पुढे असतो. ओल्या फरशीवर रबरी चटई घाला आणि टेबलचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, नुसतं बघून नको.

प्रश्न : लोखंड कापतो त्याच वॉटर टेबलवर ॲल्युमिनियम कापलं तर चालेल का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : आहे त्या टेबलवर नाही. ॲल्युमिनियमचे वितळलेले कण पाण्यात पडले की हायड्रोजन निघतो, आणि सोड्याच्या पाण्यात जास्त निघतो. तो प्लेटखाली साठतो आणि पुढची ठिणगी त्याला पेटवते. टेबल फुटण्याचा धोका खरा आहे. ॲल्युमिनियमचं काम नेहमीचं असेल तर खालून हवा ओढणारं कोरडं टेबल घ्या, आणि त्याची धूळ पकडणारी यंत्रणा ॲल्युमिनियमसाठी चालते असं विक्रेत्याकडून लेखी घ्या. एखाद-दुसरा जॉब असेल तर बाहेरून लेझरवर कापून आणा. कुणी आधीच त्या टाकीवर ॲल्युमिनियम कापलं असेल तर टेबलवर प्लेट रात्रभर ठेवू नका, आणि पुढचा आर्क मारण्याआधी गाळ पूर्ण उपसा. तो ओलाच, झाकण घट्ट न लावलेल्या पिंपात, शेडबाहेर ठेवा. नाल्यात टाकू नका. एस.एस. (स्टेनलेस स्टील) कापत असाल तर त्या गाळात क्रोमियमही असतं, तो घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणीच द्यायचा.