दोन्ही दुर्बिणी नॉर्मल आल्या, आता ब्लीडिंग स्कॅनसाठी (पोटात रक्त कुठे गळतंय ते शोधणारी तपासणी) देवगडहून कोल्हापूर-मुंबई गाठावी का?

गाठा, पण रक्त वाहत असेल तेव्हा. चिठ्ठी देताना ही अट बहुधा तुम्हाला कुणी सांगितलेली नाही.

तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांना अधूनमधून काळी, चिकट शौचाला होते, हिमोग्लोबिन ६ वर आलं म्हणून रक्त चढवलं, आणि वरून-खालून दोन्ही दुर्बिणींत काही सापडलं नाही. म्हणजे संशय लहान आतड्यावर. ते सुमारे ६ मीटर लांब असतं आणि नेहमीच्या दुर्बिणी त्याच्या दोन टोकांपाशीच थांबतात. मी मूळचा राजापूरचा, मुंबईत न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ वापरून तपासण्या करणाऱ्या विभागात, टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, तेव्हा औषधोपचाराचं त्यांनाच विचारा.

ब्लीडिंग स्कॅनमध्ये आम्ही रुग्णाचं थोडं रक्त काढतो, त्यातल्या तांबड्या पेशींना टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ चिकटवतो आणि तेच रक्त शिरेतून परत देतो. मग ते किरण टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याखाली तास-दीड तास पडून राहायचं. भूल लागत नाही. हृदय, यकृत, मोठ्या रक्तवाहिन्या दिसतच असतात. आतड्यात गळती असेल तर तिथे नवा ठिपका उगवतो. नुसता ठिपका पुरत नाही, तो गडद होत गेला पाहिजे आणि पुढे सरकला पाहिजे. पोटाच्या मधोमध वळणं घेत झरझर निघाला तर लहान आतडं, कडेकडेने गेला तर मोठं. जागचा हलतच नसेल तर बहुतेकदा ती रक्तवाहिनीच असते.

मिनिटाला ०.१ मिली इतकी बारीक गळतीही यात पकडता येते. साध्या अँजिओग्राफीला (रक्तवाहिनीत नळी घालून रंगद्रव्य सोडून काढलेले एक्स-रे) निदान ०.५ मिली तरी लागते. पण कौलं कुठे गळतात ते पावसातच कळतं. स्कॅनच्या वेळी गळती थांबलेली असेल तर तो नॉर्मलच येणार, आणि त्या नॉर्मलला फारसा अर्थ नाही.

टेक्नेशियमची तीव्रता दर ६ तासांनी निम्मी होते, त्यामुळे एकदा दिलेल्या रक्तावर २४ तासांपर्यंत पुन्हा फोटो काढता येतात. थांबून-थांबून होणाऱ्या गळतीत सीटी अँजिओपेक्षा (सीटी स्कॅनने रक्तवाहिन्या बघणं) इथे हा फायदा. मात्र संध्याकाळी इंजेक्शन आणि थेट सकाळी एकच फोटो, असं झालं तर सावध राहा. वरून सुटलेलं रक्त तोवर मोठ्या आतड्यात पोचलेलं असतं आणि बोट भलतीकडेच दाखवलं जातं.

आता आपल्याकडची खरी अडचण, अंतर. फोंडा घाट चढून कोल्हापूरला किंवा रात्रभर प्रवास करून मुंबईला पोचेपर्यंत गळती अनेकदा थांबते. म्हणून सध्या शौच साफ असेल तर नुसत्या स्कॅनसाठी धावू नका. कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायची तपासणी आधी करता येईल का ते विचारा. तिच्यात आतड्याची आतली बाजू, व्रण, फुगलेल्या रक्तवाहिन्या प्रत्यक्ष दिसतात. उलट चक्कर, घाम, बीपी खाली, असं झालं तर घाटाचा विचारच सोडा. आधी ओरोस किंवा कणकवलीचं रुग्णालय, जे जवळ पडेल ते. जोराच्या रक्तस्रावात हा स्कॅन नव्हे, सीटी अँजिओच आधी करतात.

(लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. गुडघ्यासाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही लपवू नका, लहान आतड्यातल्या व्रणांचं ते नेहमीचं कारण. रक्त पातळ करायची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.)

निघण्याआधी त्या विभागाला फोन करा. पोचल्याबरोबर स्कॅन सुरू होईल का, कॅमेऱ्याला सीटी जोडलेला आहे का, आणि अँजिओग्राफी करून गळणारी रक्तवाहिनी बंद करणारे डॉक्टर त्याच इमारतीत आहेत का, एवढं विचारा. स्कॅन फक्त भाग दाखवतो, कारण सांगत नाही आणि गळतीही थांबवत नाही. शेवटच्या प्रश्नाला 'नाही' आलं तर दुसरं रुग्णालय बघा.