बाळाच्या वजनाची वही

पत्र: माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. दिवाळीत माझ्या भावाचं बाळ एकतिसाव्या आठवड्यातच जन्मलं, १३५० ग्रॅमचं. पाच आठवडे एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतं. मुलगी रोज मामीला फोन करून वजन विचारायची आणि वहीत लिहायची. आता म्हणते, अशाच बाळांवर संशोधन करायचंय. तिचे बाबा म्हणतात, संशोधनात पोट भरत नाही, डॉक्टर हो. नीटचा क्लास लावू का? – एक आई, हडपसर

ताई, नमस्कार.

क्लासचं सांगतेच. पण तुम्ही जाता जाता त्या वहीचा उल्लेख केलात, तिथे मी थांबले.

आपल्या पुण्यातलं या विषयातलं मोठं काम अशाच नोंदींवर उभं आहे. १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेली, दोन किलोपेक्षा कमी वजनाची बाळं केईएम रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातून घरी गेली. डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. वाढ कशी आहे, बुद्धी कशी आहे, शाळेत कसं चाललंय, सगळं पाहिलं. १९९३ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत बायकांना दिवस राहण्याच्या आधीपासून नोंदी सुरू केल्या. त्यांची बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी आणि बारीक निघाली, पण अंगावरची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाचा माग तिथून लागू लागला. एका प्रश्नामागे इतकी वर्षं द्यायची तिची तयारी आहे का, हे नीटच्या मार्कांवरून कळत नाही.

भाच्याचे डोळे तपासायला वेगळे डॉक्टर आले होते का, हे वहिनींना विचारा. एवढ्या लहान बाळांची ती तपासणी करायलाच हवी असते. त्यामागची हकिकत लेकीला जरूर सांगा. १९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत भरपूर प्राणवायू दिला जायचा. बाळ निळं पडू नये, एवढीच इच्छा. पण त्यातली कितीतरी बाळं आंधळी होऊ लागली. जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली. कारणांबद्दल तर्क पुष्कळ होते. अखेर १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून काही बाळांना नेहमीसारखा आणि काहींना मोजून-मापून प्राणवायू दिला, तेव्हा कुठे अति प्राणवायूवर बोट ठेवता आलं. मग तो सगळीकडे इतका आखडला गेला की श्वास अपुरा पडून बाळं दगावू लागली. नेमका किती द्यायचा, हा शोध पुढे कित्येक दशकं चालला.

तुमची लेक मायेपोटी या विषयाकडे वळली आहे. त्या बाळांच्या डॉक्टरांचीही त्यांच्यावर मायाच होती, तरी डोळे गेले. म्हणून मी तिला हेच विचारीन: जे सगळे चांगलं म्हणून करतात, ते खरंच उपयोगी आहे का, हे तपासून पाहायला तुला आवडेल का?

आवडणार असेल, तर दोन दारं आहेत. एक बाबांच्या पसंतीचं. एमबीबीएस साडेपाच वर्षं, मग बालरोगात एमडी तीन, नवजात शिशुशास्त्रात डीएम आणखी तीन. मधल्या प्रवेश परीक्षा धरल्या तर तिशी गाठते. या वाटेने गेलेल्याला रुग्णसेवेतून कमाई करत संशोधन करता येतं, म्हणजे बाबांची काळजी मिटते. दुसरं दार विज्ञानाचं: बीएस्सी किंवा पुण्यातली आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था, पुढे पीएचडी. त्यात मला संख्याशास्त्र फार मोलाचं वाटतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्याचं एमएस्सी होतं, आणि वैद्यकीय संशोधनाच्या प्रत्येक गटाला असा माणूस लागतोच. मात्र इथल्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात. फेलोशिपवर काही वर्षं हात आखडूनच काढावी लागतात. हे तिच्यापासून लपवू नका.

क्लास लावा, पण नीटसाठी गणित सोडायला सांगितलं तर ऐकू नका. जीवशास्त्र आणि गणित दोन्ही ठेवलं, तर बारावीनंतर दोन्ही दारं उघडी राहतात.

आणि या रविवारी तिला त्या वहीतल्या वजनांचा आलेख काढू द्या. आडवे दिवस, उभे ग्रॅम. पहिल्या काही दिवसांत रेघ बहुधा खाली गेलेली दिसेल. बाळ दूध घेत असताना वजन का उतरलं, हे तिलाच शोधू द्या. तिला काय सापडलं ते मला कळवा, पुढचं आपण तिघी बसून बोलू.