वाटा घटला म्हणजे शेती बुडाली का?

प्रश्न : आमच्या पुस्तकात एका देशाचा सत्तर वर्षांचा आलेख आहे. शेतीची रेघ सतत खाली, सेवाक्षेत्राची वर, उद्योगाची आधी वर आणि मग खाली. त्या देशातली शेती बुडाली असं समजायचं का? – अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी

उत्तर : नाही गं. तीस वर्षं मी हा आलेख फळ्यावर काढला आणि दर वर्षी कुणीतरी हेच विचारलं. ती रेघ देशाच्या एकूण उत्पन्नातल्या शेतीच्या वाट्याची आहे, पिकाची नाही. अमेरिकेत १९०० च्या सुमारास शंभर कामकऱ्यांतले चाळीसेक शेतीत होते, आज दोनही नाहीत. धान्य मात्र तेव्हापेक्षा कितीतरी जास्त पिकतं.

वाटा घटण्याचं मूळ ताटात आहे. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने कुटुंबांचे जमाखर्च तपासून १८५७ साली मांडलं, की घर जितकं गरीब तितका मिळकतीतला खाण्याचा हिस्सा मोठा. मिळकत दुप्पट झाली म्हणून कुणी दुप्पट जेवत नाही. वरचा पैसा आधी कपडे, भांडी, यंत्रं यांच्याकडे वळतो, मग शाळा, दवाखाना, प्रवासाकडे. पुढे यंत्रांमुळे कारखान्यात माणसं कमी लागतात, वस्तूही स्वस्त होतात, म्हणून उद्योगाची रेघ उतरते. कविता शिकवायला मात्र आजही तेवढाच तास लागतो, आणि शिक्षकाचा पगार इतरांबरोबर वाढवावाच लागतो. सेवा महागत जातात त्या अशा, आणि त्यांची रेघ चढते. अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात हे उलगडून दाखवलं.

आता जे मला खरं तळमळीनं सांगायचंय ते. उत्पन्नाचा वाटा झपाट्याने सरकतो, माणसं तशी सरकत नाहीत. भारतात शेतीचा उत्पन्नातला वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे, पण कामकऱ्यांतले चाळीस टक्क्यांहून जास्त लोक अजून शेतीतच आहेत. म्हणजे लहान भाकरी आणि खाणारे फार. ब्रिटनमध्ये १९२० साली कोळसा खाणींत अकरा लाखांहून अधिक माणसं होती. तिथली शेवटची खोल खाण, केलिंग्ली, १८ डिसेंबर २०१५ रोजी बंद झाली. खाणींभोवती वसलेल्या कितीतरी गावांत दुसरं काम त्याआधीच आलेलं नव्हतं.

म्हणून उत्पन्नाच्या आलेखाशेजारी रोजगाराचा आलेख ठेव आणि दोन्हींतलं शेतीचं अंतर मोज. पुस्तकात तो नसेल, तर बाईंकडे माग.