रिव्हर्ब नसलेला अ‍ॅम्प आणि पेडलची निवड

प्रश्न : मी परभणीत राहतो आणि भीमगीतांच्या एका गायन पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. माझ्याजवळ ३० वॅटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आहे. त्यात रिव्हर्ब (आवाजामागे रेंगाळणारा घुमारा) नाही आणि मागच्या बाजूला सेंड-रिटर्नचे, म्हणजे अ‍ॅम्पच्या आतल्या वाटेत मधेच पेडल जोडण्याचे, जॅकही नाहीत. त्याशिवाय एक ट्यूनर आणि एक ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारे) पेडल आहे. अ‍ॅम्पचा आवाज फार कोरडा वाटतो, म्हणून आठ हजारांपर्यंत रिव्हर्ब पेडल घ्यावे असा विचार आहे. संभाजीनगरच्या एका दुकानात मला बारा प्रकारांचे रिव्हर्ब असलेले स्टिरिओ पेडल सुचवण्यात आले. आमचे निम्मे कार्यक्रम मैदानावर आणि निम्मे मंगल कार्यालयांत होतात. कोणते पेडल घ्यावे, ते कुठे जोडावे आणि स्प्रिंग, प्लेट, हॉल यांत नेमका फरक काय, हे कृपया सांगावे.
— एक वाचक, परभणी

उत्तर : आपल्या अ‍ॅम्पला सेंड-रिटर्न नाही, म्हणून रिव्हर्ब पेडल अ‍ॅम्पच्या पुढेच जोडावे लागेल, आणि आपण फाटका आवाज अ‍ॅम्पमधून न घेता पेडलमधून घेता, म्हणून तसे जोडल्याने काही बिघडणार नाही. क्रम असा ठेवावा : गिटार, ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, रिव्हर्ब आणि मग अ‍ॅम्प. ओव्हरड्राइव्हचा स्वभावच असा आहे की तो मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज त्या मानाने वर उचलतो. रिव्हर्ब त्याच्या आधी लावला, तर मूळ सुरामागून विरत जाणारा घुमारा विरायच्या ऐवजी सुराइतकाच वर येतो आणि सगळ्या तारा एकत्र छेडल्या की स्वर ओळखू येईनासे होतात. त्याच कारणाने अ‍ॅम्पचा गेन (आवाज किती फाटावा हे ठरवणारा नॉब) कमी ठेवून अ‍ॅम्प स्वच्छ आवाजावरच चालवावा. एरवी रिव्हर्ब पेडल योग्य जागी असूनही अ‍ॅम्पच्या गेनमध्ये तोच गोंधळ पुन्हा होतो.

आता प्रकारांविषयी. बंद जागेत उत्पन्न झालेला ध्वनी भिंती, छत आणि फरशी यांवरून शेकडो वेळा परावर्तित होऊन आपल्यापर्यंत पोचतो. ही परावर्तने इतकी दाट असतात की ती सुटी ऐकू येत नाहीत. त्यांचा एकसंध घुमारा होतो. ध्वनीची पातळी ६० डेसिबलने उतरायला जितका वेळ लागतो, त्याला त्या जागेचा रिव्हर्ब-काल म्हणतात आणि पेडलवरचा ‘डीके’ नावाचा नॉब साधारणपणे हाच काल कमीजास्त करतो. वेरूळच्या १० क्रमांकाच्या चैत्यगृहात, दगडी फासळ्यांच्या त्या कमानदार छताखाली, एखादा स्वर लावून थांबल्यास तो किती वेळ मागे रेंगाळतो हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना मोठ्या हॉलचा रिव्हर्ब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. खडक ध्वनी शोषून घेत नाही, म्हणून तो टिकतो. पेडलमधला ‘हॉल’ अशाच मोठ्या आणि कठीण पृष्ठभागांच्या जागेची नक्कल करतो आणि ‘रूम’ लहान खोलीची.

स्प्रिंग आणि प्लेट हे मात्र जागेचे नव्हे, यंत्रांचे प्रकार आहेत. स्प्रिंग रिव्हर्बमध्ये विद्युत संदेशाने लांब, बारीक स्प्रिंगांना एका टोकाला कंप दिला जातो आणि दुसऱ्या टोकाला तो पुन्हा उचलला जातो. मधल्या मधे तो स्प्रिंगेत मागे-पुढे धावत राहतो. हॅमंड ऑर्गनमध्ये रुळलेली ही युक्ती फेंडर कंपनीने १९६१ मध्ये गिटारसाठी स्वतंत्र पेटीच्या रूपात आणली आणि १९६३ च्या व्हायब्रोव्हर्बपासून ती अ‍ॅम्पच्या आतच बसवली. जोरात तार छेडली की थेंब पडल्यासारखा जो ओलसर ‘टप्’ ऐकू येतो, तो स्प्रिंगचाच. प्लेट म्हणजे चौकटीत ताणून बसवलेला पोलादी पत्रा. जर्मनीच्या ईएमटी कंपनीने १९५७ मध्ये आणलेल्या १४० क्रमांकाच्या अशा यंत्राचे वजन अडीच क्विंटलहून अधिक भरत असे, त्यामुळे ते स्टुडिओबाहेर कधी पडले नाही. परंतु त्याचा दाट, चटकन उठणारा आणि सफाईदार घुमारा ध्वनिमुद्रणातल्या गायकांच्या आवाजाला इतका मानवला की आजही बहुतेक डिजिटल पेडलांमध्ये त्याची नक्कल असते.

आपल्या वादनाला यांतले काय लागते? भीमगीतांच्या साथीत गिटारचे काम बहुतेक दोनच प्रकारचे असते : ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या ठेक्यावर कॉर्डचे तुटक ठोके, आणि कडव्यांच्या मधले पीस. ठोक्यांना स्प्रिंग किंवा रूम शोभते आणि पीसला प्लेट. लांबलचक हॉल ठेक्याच्या गाण्यात उपयोगाचा नाही. केहरवा मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत असेल तर आठ मात्रांचे आवर्तन २.४ सेकंदांत संपते. म्हणजे तीन सेकंदांचा घुमारा मागच्या कॉर्डचा उरलेला आवाज पुढच्या समेवर घेऊन येणार आणि कॉर्ड बदलली असेल तर सरळ बेसूर लागणार. दीड सेकंदाच्या आतबाहेरचा काल आपल्याला पुरेल. घुमाऱ्यात वरच्या सप्तकाचा स्वर मिसळणारा ‘शिमर’ नावाचा प्रकार दुकानात फार मोहक वाटतो, परंतु तो संथ, एकट्या गिटारसाठी आहे. ढोलकी वाजू लागली की तो ऐकूही येत नाही.

म्हणून बारा प्रकारांचे पेडल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातले नऊ-दहा प्रकार आपण पहिल्या आठवड्यानंतर लावणार नाही. शिवाय दोन गाण्यांच्या मधल्या क्षणभरात, मंचावरच्या अपुऱ्या उजेडात, इतक्या नॉबांत नेमके हवे ते सापडणे कठीण. स्टिरिओचे पैसेही वाया जातील, कारण आपला अ‍ॅम्प एकच आहे. तीन नॉबांचे, मोनो पेडल पाहावे. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या स्कायसर्फरमध्ये स्प्रिंग, प्लेट आणि हॉल असे तीनच प्रकार आहेत आणि मूळ आवाजात घुमारा किती मिसळायचा हे ठरवणारा मिक्सचा नॉब वेगळा आहे. साध्या पेडलांत ते मला आपल्या कामाचे वाटते. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या होली ग्रेल निओमध्येही हेच तीन प्रकार मिळतात. बॉसचे आरव्ही-६ बांध्याने भक्कम आणि आवाजाने उत्तम आहे. मात्र नवे घेतल्यास ते आपल्या रकमेत बसणार नाही. जुने चालू स्थितीत मिळाल्यास अवश्य विचार करावा. फक्त सगळे नॉब फिरवून खरखर येते का ते पाहावे आणि पायाचे बटण अनेकदा दाबून प्रत्येक वेळी ते लागते का, याची खात्री करावी.

दुकानात जाताना आपली गिटार आणि ओव्हरड्राइव्ह सोबत न्यावे आणि ज्या अ‍ॅम्पवर पेडल ऐकवले जाईल त्याचा स्वतःचा रिव्हर्ब बंद आहे ना, हे आधी पाहावे. तो चालू राहिला, तर कुठलेही पेडल गोडच वाटेल. मग एक तुटक स्वर वाजवून त्याची शेपूट शेवटपर्यंत ऐकावी : ती एकसारखी विरते की मधेच धातूच्या डब्यासारखी किणकिणते? स्वस्त पेडलचा दोष इथे हमखास उघडा पडतो. नंतर आपल्या नेहमीच्या गाण्याच्या कॉर्ड नेहमीच्याच लयीत, आधी साध्या आणि मग ओव्हरड्राइव्ह लावून वाजवाव्यात. मिक्स शून्यापासून वाढवत न्यावा आणि घुमारा वेगळा ऐकू येऊ लागला की थोडा मागे घ्यावा. पेडल बंद केल्यावर काहीतरी गेल्यासारखे वाटणे, पण चालू असताना त्याच्याकडे लक्ष न जाणे, ही मिक्सची योग्य जागा.

मैदान आणि मंगल कार्यालय यांसाठी मात्र एकच मांडणी चालणार नाही. उघड्या मैदानावर आवाज परत फेकणाऱ्या भिंती जवळ नसतात, म्हणून तिथे कोरडेपणा अधिक जाणवतो आणि मिक्स थोडा वाढवायला हरकत नाही. याउलट वर पत्रे आणि खाली गुळगुळीत फरशी असलेले कार्यालय स्वतःच इतके घुमते की तिथे पेडलचा काल निम्मा करावा किंवा ते सरळ बंद ठेवावे. एक गोष्ट लक्षात असू द्यावी : रिकाम्या कार्यालयात दुपारी केलेली आवाजाची तपासणी फसवी असते, कारण माणसांची अंगे आणि कपडे ध्वनी शोषतात आणि लोक बसल्यावर तीच जागा बरीच कोरडी होते.

याहून महत्त्वाचे म्हणजे साऊंडवाल्यांशी आधी बोलून घ्यावे. आपल्याकडे मिक्सरवर गायकाच्या माइकला ‘इको’ मोकळ्या हाताने दिला जातो आणि त्याच ओघात गिटारच्या चॅनललाही तो लागतो. अ‍ॅम्पसमोर माइक ठेवला असेल, तर आपल्या पेडलच्या घुमाऱ्यावर मिक्सरचा घुमारा चढतो. मंचावर आपल्याला आवाज छान वाटत असतो आणि समोरच्या लोकांना नुसता कालवा ऐकू येतो. एप्रिलमध्ये एकामागून एक कार्यक्रम असतात आणि साऊंडवाले दरवेळी वेगळे असतात. तेव्हा तार जोडतानाच “गिटारच्या चॅनलला इफेक्ट नको” एवढे सांगण्याची सवय ठेवावी. ते ऐकत नसतील, तर आपले पेडल बंद करावे. दोन रिव्हर्बपेक्षा एक बरा, मग तो त्यांचा का असेना.

प्रश्न : नवे डिजिटल रिव्हर्ब पेडल लावल्यापासून अ‍ॅम्पमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. जनरेटरवर कार्यक्रम असला की त्यात जाड गुणगुणही मिसळते. पेडल सदोष आहे का? मी एकाच अडॅप्टरवरून तीन पेडल चालवतो.
— एक वाचक, बीड

उत्तर : बहुधा पेडल निर्दोष आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत. बारीक शिट्टी ही डिजिटल पेडलमधल्या प्रोसेसरच्या स्पंदनांची असते. एकाच अडॅप्टरची तार तिन्ही पेडलांना फिरवली की ती स्पंदने त्या सामायिक तारेतून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरतात आणि तिथे वाढून ऐकू येतात. खात्री करण्यासाठी ओव्हरड्राइव्ह तेवढा बॅटरीवर चालवून पाहावा. शिट्टी थांबली, तर दोष सामायिक पुरवठ्याचा. अशा वेळी रिव्हर्बला स्वतंत्र अडॅप्टर द्यावा किंवा प्रत्येक जोडणी आतून विलग असलेला पॉवर सप्लाय घ्यावा. रिव्हर्बलाच कायम बॅटरी लावणे परवडत नाही. डिजिटल पेडलला बहुधा १०० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी त्यावर काही तासांतच बसते.

अडॅप्टर निवडताना ९ व्होल्ट डीसी, पिनेचा मध्य ऋण आणि पेडलवर छापलेल्या मिलिअँपिअरइतकी किंवा त्याहून अधिक क्षमता, या तिन्ही गोष्टी जुळवाव्यात. कीबोर्डच्या अडॅप्टरची पिन त्याच मापाची असली, तरी तिची धन-ऋण टोके उलटी किंवा व्होल्ट अधिक असू शकतात. घाईत तो खोचल्याने पेडल जळते.

जाड गुणगुण मात्र विजेच्या ५० हर्ट्‌झची आणि तिच्या पटींची आहे. जनरेटरची अर्थिंग नीट नसणे, किंवा मिक्सर एका जोडणीवर आणि अ‍ॅम्प दुसऱ्या जोडणीवर असणे, ही तिची नेहमीची कारणे आहेत. अ‍ॅम्प आणि पेडल मिक्सरच्याच बोर्डवरून चालवावेत आणि मंचाच्या दिव्यांची, विशेषतः डिमरची, वायर वेगळी ठेवावी. गुणगुण घालवण्यासाठी काही ठिकाणी अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकतात. आवाज खरोखर थांबतो. पण अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला, तर पूर्ण २३० व्होल्ट गिटारच्या तारांवर येऊ शकतात आणि ओठ त्याच वेळी माइकला लागलेले असतात. असे कोणी करू पाहत असेल, तर त्या मंचावर वाजवू नये.

प्रश्न : माझ्या अ‍ॅम्पला रिव्हर्ब नाही, पण सेंड-रिटर्न आहे आणि फाटका आवाज मी अ‍ॅम्पचाच वापरतो. तिथे रिव्हर्ब जोडल्यावर आवाज बारीक आणि पोकळ होतो. काय चुकते आहे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : जोडण्याची जागा बरोबरच आहे. फाटका आवाज प्रीअ‍ॅम्पमध्ये, म्हणजे अ‍ॅम्पच्या पहिल्या भागात, तयार होतो आणि सेंड-रिटर्न त्याच्या नंतर येते. पोकळपणाचे कारण बहुधा हे, की आपल्या अ‍ॅम्पमधली ही वाट समांतर आहे : मूळ आवाज आतून सरळ पुढे जातो आणि पेडलमधून आलेला त्यात नंतर मिसळतो. डिजिटल पेडल मूळ आवाजही अगदी किंचित उशिरा परत देते. एकच आवाज दोन वाटांनी, काही सहस्रांश सेकंदांच्या फरकाने आला की काही कंपने एकमेकांना खोडतात आणि पोकळपणा येतो. पेडलचा मिक्स पूर्ण उजवीकडे फिरवावा, म्हणजे त्यातून फक्त घुमारा बाहेर पडेल. आणि त्याचे प्रमाण अ‍ॅम्पच्या मागच्या नॉबने ठरवावे. काही पेडलांत मिक्स पूर्ण फिरवूनही मूळ आवाज उरतो. त्यांत ‘किल ड्राय’ नावाचा छोटा स्विच असतो का, हे माहितीपत्रकात पाहावे. अ‍ॅम्पच्या मागे असा नॉबच नसेल, तर वाट बहुधा समांतर नसून सरळ आहे. मग मिक्स एक चतुर्थांशाच्या आसपास ठेवावा आणि सेंडची पातळी पेडलच्या मानाने जास्त तर नाही ना, हे अ‍ॅम्पवर तसा स्विच असल्यास तो बदलून पाहावे.