वाचकांचे प्रश्न: मिनेसोटाची जत्रा आणि कॉलेजचा पहिला आठवडा

प्रश्न: मुलगी मिनेसोटा विद्यापीठात पहिल्या वर्षाला जाते आहे. तिला सोडायला आम्ही दोघं पुण्याहून जाणार आहोत. तिथली स्टेट फेअर त्याच दिवसांत असते म्हणे. दोन्ही जमेल का?

उत्तर: जमेल, आणि जमवाच. ही जत्रा १८५९ पासूनची आहे. १८८५ पासून ती मिनियापोलिस आणि सेंट पॉल यांच्या मधल्या फाल्कन हाइट्सला भरते. मुक्काम १२ दिवसांचा. ऑगस्टच्या उत्तरार्धातल्या गुरुवारी सुरू होऊन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, संपते. विद्यापीठाचे वर्ग साधारण दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सुरू होतात. राज्यातल्या शाळाही सहसा लेबर डेनंतरच उघडतात. म्हणून शेवटच्या शनिवार-रविवारी घरंच्या घरं जत्रेत लोटतात. तुम्ही मधला मंगळवार किंवा बुधवार धरा, सकाळी लवकर आत शिरा आणि दुपारी गर्दी वाढली की निघा.

अडचण होते ती गाडीची. विद्यापीठाचा सेंट पॉल कॅम्पस जत्रेच्या मैदानाला अगदी लागून आहे. मुलीची खोली तिथल्या बेली हॉलमध्ये असेल, तर सामान पोचवायच्या दिवशी स्नेलिंग आणि कोमो या दोन्ही रस्त्यांवर अडकायची तयारी ठेवा. वसतिगृहाने दिलेली वेळ चुकवू नका आणि त्याच दिवशी जत्रा उरकायचा मोह टाळा. जत्रेच्या दिवशी भाड्याची गाडी मैदानापर्यंत नेऊच नका. 'पार्क अँड राइड'च्या वाहनतळावर गाडी लावा, तिथून जत्रेची बस फुकट असते.

आता सामान. वसतिगृहातली गादी 'ट्विन एक्सएल' मापाची, ८० इंच लांब असते. ७५ इंचांची साधी ट्विन चादर घेतलीत, तर तिचे कोपरे रोज रात्री निसटतील. उघड्या कॉइलची शेगडी खोलीत चालत नाही. प्रेशर कुकर आणि राइस कुकर विकत घेण्याआधी वसतिगृहाची यादी वाचा. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि धनुर्वाताच्या लसींच्या तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या. राज्याच्या कायद्याने कॉलेजला त्या लागतात, आणि नोंद नसेल तर पुढच्या सत्राची नोंदणी अडकू शकते.

प्रश्न: आम्ही शाकाहारी आहोत. जत्रेत खायला काही मिळेल का? आणि लोण्याचे पुतळे खरे असतात का?

उत्तर: भाजलेलं मक्याचं कणीस निर्धास्त खा. ते वितळलेल्या लोण्यात बुडवून देतात. नको असेल तर तसं आधी सांगा आणि लिंबू-तिखट-मीठ घरून न्या. चीज कर्ड्‌स म्हणजे ताज्या चीजचे पिठात घोळून तळलेले तुकडे. चीजमधलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा घटक, प्राणिजन्य असू शकतं, पिठात अंडं असू शकतं आणि तेलही वेगळं असेलच असं नाही. कडक शाकाहारी असाल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. काडीवरच्या प्रसिद्ध पदार्थांत सॉसेजचेही बरेच असतात.

लोणी अगदी खरं! डेअरी इमारतीत काचेच्या फिरत्या खोलीत, साधारण ४ अंश सेल्सिअसला, ९० पौंडांच्या म्हणजे जवळजवळ ४१ किलोंच्या ठोकळ्यातून त्या वर्षीच्या दुग्धराजकन्येचा, 'प्रिन्सेस के ऑफ द मिल्की वे'चा, चेहरा कोरतात. पुढच्या दिवसांत अंतिम फेरीतल्या इतर मुलींचे चेहरे होतात. मुलगी कोट-टोपी घालून आत तासन्‌तास बसते, मध्ये थोडी विश्रांती घेते. डोकं पूर्ण होताना पाहायचं असेल, तर सकाळी एकदा आणि दुपारी एकदा चक्कर मारा.

प्रश्न: मी धान्याची रांगोळी काढते. जत्रेतल्या 'क्रॉप आर्ट' म्हणजे बिया चिकटवून चित्र करायच्या स्पर्धेत तूरडाळ आणि साबुदाणा वापरून गणपती करता येईल का? (मिनियापोलिस)

उत्तर: गणपती जरूर करा, पण तूर आणि साबुदाणा बाजूला ठेवा. नियमाचा गाभा असा की बी मिनेसोटात पिकणाऱ्या पिकाचं हवं. पांढरा तांदूळही त्यामुळे बाद होतो, वाइल्ड राइस मात्र चालतो. पांढऱ्यासाठी नेव्ही बीन्स, काळ्यासाठी काळा घेवडा किंवा कॅनोला, तपकिरीसाठी जवस, पिवळ्यासाठी बाजरीच्या जातीचं प्रोसो मिलेट घ्या. रंगवलेल्या आणि नैसर्गिक बियांचे गट वेगळे असतात. लिलियन कोल्टन यांनी नैसर्गिक रंगाच्या बियांतून माणसांचे हुबेहूब चेहरे उभे केले. आपल्या धान्याच्या रांगोळीचा हात असलेल्यांनी ते काम नक्की पाहावं.

पातळ पुठ्ठा डिंकाच्या ओलाव्याने वाकतो, म्हणून जाड प्लायवुड किंवा हार्डबोर्ड घ्या. चित्र पेन्सिलीने उतरवून एका वेळी एकाच रंगाचा छोटा भाग भरा. आधी बाह्यरेषा, मग आतली जागा. जवसाखाली पांढरा डिंक अगदी पातळ लावा, कारण ओलावा लागला की जवस बुळबुळीत होऊन सरकतं. डोळे आणि सोंडेच्या वळ्यांसाठी चिमटा हवाच. बिया आधी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर किडे भिंतीवर टांगलेल्या चित्रात निघतात. कोणती बी कुठली हे दाखवणारी नमुन्यांची पट्टी सोबत लागते. नावनोंदणी जत्रेच्या बरीच आधी बंद होते, तेव्हा त्या वर्षीची नियमपुस्तिका उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच वाचा.

प्रश्न: मुलगा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे. वर्ग सुरू होईपर्यंत १२ दिवस जत्रेतल्या स्टॉलवर रोखीने काम मिळतंय. करू द्यावं का?

उत्तर: नाही. ते कॅम्पसबाहेरचं काम आहे, परवानगीशिवाय केलं तर व्हिसाचा दर्जाच जातो. रोखीने पैसे घेतल्याने त्यात फरक पडत नाही. 'पगार नको, नुसती मदत करतो' ही पळवाटही धंद्याच्या स्टॉलवर धोक्याचीच. कॅम्पसवर मात्र सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. जेवणघरं आणि ग्रंथालयं याच दिवसांत माणसं घेतात, तेव्हा आधी तिथे अर्ज करायला सांगा. आणि आल्याआल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात त्याची हजेरी लागली आहे ना, हे विचारा.