अर्जात लेझीम लिहू का?

प्रश्न : मी न्यू जर्सीत बायोलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. येत्या जूनमध्ये मेडिकल स्कूलचा अर्ज भरायचाय. झेब्राफिशच्या लॅबमध्ये काम करते, पण छापलेल्या संशोधन पेपरवर नाव नाही. नर्सिंग होममध्ये व्हॉलंटिअर म्हणून वृद्धांना जेवण भरवते. मंडळात लहान मुलांना लेझीम शिकवते. आई म्हणते, लेझीम गाळ, संशोधनच पुढे कर. डॉक्टरकाकू, काय करू?

उत्तर : लेझीम गाळू नकोस गं. आईच्या डोळ्यांपुढे एका परीक्षेवर ठरणारा भारतातला प्रवेश आहे. इथेही एमकॅट ही प्रवेशपरीक्षा आणि जीपीए म्हणजे कॉलेजातल्या गुणांची सरासरी लागतातच, पण मुलाखतीला बसवल्यावर आम्ही मुलाखत घेणारे मुलांना मार्क विचारत नसू.

एमकॅस म्हणजे इथल्या बहुतेक मेडिकल स्कूलांचा सामायिक अर्ज. त्यात केलेल्या कामांच्या १५ पर्यंत नोंदी करता येतात, प्रत्येकीला ७०० अक्षरं. त्यातल्या तीन महत्त्वाच्या म्हणून निवडल्यास त्यांना आणखी १,३२५ अक्षरं मिळतात. सगळे रकाने भरायचा अट्टहास नको.

तुझ्या तीन कामांत मी नर्सिंग होम पहिलं घेईन. भरवणं हे फार मोठं काम आहे. माणसाला नीट ताठ बसवायचं, घास लहान घ्यायचा, गिळून झाल्याशिवाय पुढचा चमचा उचलायचा नाही, खोकला आला की थांबून नर्सला हाक मारायची. कुणी तोंड फिरवलं तर तू काय केलंस, ते लिही. ‘सेवेचा आनंद मिळाला’ यातून मला काहीच दिसत नाही. नाव किंवा ओळख पटेल असा तपशील मात्र अजिबात नको. तिथे कुणी मराठी आजी असतील तर खुशाल गप्पा मार, पण औषधोपचाराचं भाषांतर प्रशिक्षित दुभाष्यावर सोड.

पेपरचं मनाला लावून घेऊ नकोस. झेब्राफिशचा गर्भ पारदर्शक असतो, साधारण दिवसाभरात त्याचं हृदय धडधडताना दिसतं. त्यात तुमचा प्रश्न काय होता, तुझ्या हातात कोणतं काम होतं आणि एखादा प्रयोग का फसला, हे तुला सोप्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. पेपरवर नाव असूनही हे न जमलेली मुलं मी पाहिली आहेत.

लेझमीबद्दल लिहिताना ‘संस्कृतीशी नाळ’ नको. ठेका चुकणाऱ्या मुलाला न दुखावता रांगेत कसं आणलंस, ते लिही. पुढे घाबरलेल्या पेशंटला समजावताना तेच लागतं.

प्रत्येक कामाचे तास आणि देखरेख करणाऱ्याचा संपर्क आजच वहीत उतरव. लॅबच्या प्रोफेसरांशी शिफारसपत्राचं सेमिस्टर संपण्याआधीच बोल.