दिवाळी बोनसचे १ लाख गृहकर्जात भरू की एफडी करू?

कर्जात भरा, पण सहा महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च आधीच बाजूला असेल तरच. ३० लाख, २० वर्षं, ८.५ टक्के धरलं तर हप्ता साधारण २६,०३५ येतो. सुरुवातीलाच १ लाख मुद्दलात गेले तर शेवटचे सुमारे १९ हप्ते गळतात. एफडीचं व्याज एवढं नसतं, वर त्यावर कर. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व भरण्याचा दंडही नाही. फक्त बँकेत ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं लिहून द्या. हप्ता कमी करून घेतलात तर महिन्याला उरलेले साडेआठशे-नऊशे किराणा-भाजीत कधी जिरतात कळतही नाही. जुन्या करप्रणालीत असाल तर गृहकर्जाच्या व्याजावरची २ लाखांपर्यंतची वजावट मात्र हिशेबात धरा.